गाडीची झिलई आणि गारेची धूळ

मोटारीच्या पॉलिशविषयी जे प्रश्न विचारले जातात ते बहुतेक सर्व मोटारीच्या बाजूने विचारलेले असतात. रंगावर ओरखडे उमटतील काय, चकाकी किती दिवस टिकेल, मेणाचे प्रमाण पुरेसे आहे काय, हे नेहमीचे प्रश्न. त्यांत आता आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. पॉलिशमध्ये घासण्यासाठी जी खनिज भुकटी घातलेली असते ती वापरणाऱ्याच्या प्रकृतीला अपायकारक तर नाही ना? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही बरेचसे दिलासा देणारे आहे. मात्र हा दिलासा ज्याला मिळतो तो माणूस मुळात मोठ्या धोक्यात नव्हताच. खरा धोका ज्याला आहे तो त्या डब्यापासून शेकडो मैल दूर, भुकटी जिथे दळली जाते तिथे उभा असतो. त्याच्या वतीने प्रश्न विचारण्याची रीत बाजारात नाही. ग्राहकाच्या सुरक्षिततेची चर्चा जितकी वाढते तितका उत्पादकाच्या गिरणीतला श्रमिक नजरेआड होतो, हे या विषयातले मूळ दुखणे आहे.

डब्यात काय असते?

गाडीच्या रंगावरील झिलई म्हणजे काही जादू नव्हे. ऊन, पाऊस आणि धूळ यांनी रंगाचा वरचा थर मलूल होतो. तो अत्यंत बारीक प्रमाणात खरवडून काढला की खालचा ताजा थर उजळून दिसतो. हे खरवडण्याचे काम घासणारे खनिज करते. तेल, पाणी व द्रावक त्याला वाहून नेतात आणि मेण शेवटी वरून लेप देते. या कामासाठी वेगवेगळी खनिजे वापरली जातात. अॅल्युमिनियमचे ऑक्साइड हे त्यांतले एक. सूक्ष्म जलवनस्पतींच्या सांगाड्यांपासून बनलेली डायटोमाइट ही माती दुसरे. आणि तिसरे म्हणजे 'ट्रिपोली'. लिबियातील त्रिपोली शहरावरून हे नाव पडले असले, तरी अमेरिकेत ते खनिज इलिनॉय, मिसुरी, आर्कान्सा अशा राज्यांतून निघते. त्याच्या कणांना तीक्ष्ण कडा नसतात, त्यामुळे ते घासते पण ओरखडत नाही. दागिन्यांपासून मोटारीच्या लॅकरपर्यंत अनेक पृष्ठभागांना चकाकी आणण्यासाठी त्याचा उपयोग झाला तो याच गुणामुळे.

ट्रिपोली म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांची सिलिका, अर्थात आपली गारगोटीच, पण निसर्गाने बारीक करून ठेवलेली. डायटोमाइटची गोष्ट थोडी निराळी आहे. खाणीतून निघते तेव्हा त्यातली सिलिका बहुतांशी स्फटिकरूप नसते. परंतु ती माती भट्टीत भाजली की तिच्यातला मोठा अंश क्रिस्टोबलाइट या स्फटिकात बदलतो. नाव तेच राहते, पण धोका बदलतो. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणी श्वासावाटे शरीरात जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेला मानवी कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून पहिल्या गटात टाकले. अस्फटिकी सिलिकेबाबत तसा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा तिला दिसला नाही. तेव्हा सर्व 'सिलिका' एकाच मापाने मोजणे चूक आहे, आणि 'नैसर्गिक माती आहे, काही होत नाही' असे म्हणणे त्याहून मोठी चूक आहे.

इथे शब्दांचा आणखी एक गोंधळ आहे, आणि तो बोलका आहे. मोटारीच्या पॉलिशच्या डब्यांवर 'सिलिकोनविरहित' असे पुष्कळदा मोठ्या अक्षरांत छापलेले असते. सिलिकोन म्हणजे सिलिका नव्हे. तो कारखान्यात बनवलेला तेलकट पदार्थ आहे आणि त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर नवा रंग नीट बसत नाही, त्यात खड्डे पडतात. म्हणून रंगारी त्याला भितात आणि उत्पादक ती भीती डब्यावरच दूर करतात. रंगाला खड्डे पडू नयेत यासाठी डब्यावर जागा आहे. ही भुकटी दळताना कोणाच्या फुप्फुसांना गाठी पडल्या काय, हे सांगण्यासाठी त्याच डब्यावर एक ओळही नाही.

धूळ कोठे निर्माण होते?

वापरणाऱ्याचा विचार प्रथम करू. पॉलिश पातळ किंवा मलमासारखे असते. तेलापाण्यात भिजलेला कण हवेत उडत नाही, आणि जो उडत नाही तो फुप्फुसात जात नाही. महिन्यातून एकदा आपली गाडी पुसणाऱ्या गृहस्थाने या खनिजाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. वाळलेले कंपाउंड आणि घासकागदाची भुकटी दिवसभर नाकातोंडात घेणाऱ्या गॅरेजमधील पोऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी ओले काम, मोकळी हवा आणि भुकटी ओढून घेणारे यंत्र ही किमान गरज आहे. तरीही धुळीचे मुख्य घर गॅरेज नव्हे. ते आहे दगड फोडण्याच्या, दळण्याच्या, चाळण्याच्या आणि पोत्यांत भरण्याच्या जागी.

फुप्फुसाच्या अगदी आतल्या कप्प्यांपर्यंत पोहोचणारा कण साधारण चार-पाच मायक्रॉनांहून मोठा नसतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. असा कण डोळ्यांना दिसत नाही. म्हणजेच दिसणारी धूळ खाली बसल्यावर मालक 'आता हवा स्वच्छ झाली' असे म्हणतो, तेव्हा मारक धूळ हवेतच असते. आत गेलेला कण गिळण्यासाठी शरीराच्या भक्षक पेशी धावतात. त्या तो गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि स्वतःच मरतात. सुटलेला कण दुसरी पेशी गिळते आणि तीही मरते. या न संपणाऱ्या झटापटीत फुप्फुसाच्या मऊ ऊतीच्या जागी कठीण गाठी तयार होतात. हाच सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. काम सोडले तरी तो वाढू शकतो. शिवाय तो क्षयाला दार उघडून देतो. खोकला, ताप, वजन घटणे ही लक्षणे सारखीच असल्याने अनेक रुग्ण क्षयाचे म्हणून नोंदले जातात आणि क्षयाचे म्हणून मरतात. दगडाचे नाव मृत्यूच्या कागदावर येतच नाही.

हे ज्ञान नवे नाही. १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या अॅग्रिकोलाच्या खाणशास्त्रावरील ग्रंथात कार्पेथियन पर्वतातील अशा स्त्रियांचा उल्लेख आहे, की ज्यांचे एकामागून एक सात नवरे धुळीच्या रोगाने गेले. १९३० साली जोहान्सबर्ग येथे सिलिकोसिसवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच वर्षी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हॉक्स नेस्ट येथील बोगद्याचे काम सुरू झाले. हा बोगदा युनियन कार्बाइडच्या उपकंपनीसाठी, जवळजवळ शुद्ध सिलिकेच्या खडकातून खोदला गेला. पुरेसे पाणी न मारता सुरुंगाची भोके पाडली गेली. कामगार बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. तिथे किमान ७६४ माणसे मेली असा अंदाज डॉ. मार्टिन चेर्निअॅक यांनी १९८६ साली मांडला. त्याच कंपनीचे नाव १९८४ साली भोपाळने भारताला शिकवले. अज्ञानामुळे माणसे मेली असे म्हणण्याची सोय यांपैकी एकाही प्रकरणात नाही.

इलिनॉयपासून गोध्र्यापर्यंत

पॉलिशच्या भुकटीशी अगदी जवळचा पुरावा इलिनॉयमधला आहे. तेथील दोन सिलिका गिरण्यांतील ६१ आजी-माजी कामगारांची तपासणी झाली, तेव्हा २३ जणांना, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिकांना सिलिकोसिस असल्याचे आढळले. त्यांतील सात जणांचा रोग गंभीर, वाढत जाणाऱ्या अवस्थेत होता. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९८१ साली सिलिका भुकटीच्या धोक्याविषयी खास इशारा प्रसिद्ध केला. या संस्थेने १९७४ सालीच हवेच्या प्रत्येक घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली होती. ती मर्यादा त्या देशाच्या सर्वसाधारण उद्योगांसाठी कायद्यात यायला २०१६ साल उजाडले. श्रीमंत, प्रयोगशाळांनी गजबजलेल्या, न्यायालये जागी असलेल्या देशात ज्ञान आणि नियम यांच्यामध्ये बेचाळीस वर्षे गेली. ही बेचाळीस वर्षे विज्ञानाने घेतली नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

भारतात या दगडाचा पत्ता गोध्रा आहे. गुजरातमधील गोध्रा परिसरात गार फोडून तिची पिठासारखी भुकटी करणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या. त्या भुकटीला मागणी होती प्रामुख्याने काच आणि चिनी मातीच्या धंद्यांची. पॉलिशची असो, काचेची असो, दळणाऱ्याच्या छातीत जाणारी धूळ एकच असते. या गिरण्यांत मजूर आले ते मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर आणि धार या जिल्ह्यांतून. कोरडवाहू तुकड्यावर वर्ष निघत नाही म्हणून हंगामी स्थलांतर करणारे हे आदिवासी. काही महिने पोती भरून ते गावी परतले आणि थोड्याच वर्षांत, ऐन तारुण्यात, धापा टाकत मेले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस गुजरात सरकारला केली. ती रक्कम देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली द्यावा लागला. २३८ मृत्यू आणि सात कोटी चौदा लाख रुपये, असा तो हिशेब. एका आयुष्याची किंमत एका लहान मोटारीच्या किमतीच्या आसपास ठरली. तीही मिळायला सहा वर्षे लागली.

ज्यांना हा प्रश्न दूरचा वाटतो त्यांनी पाटीवरची पेन्सिल आठवावी. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे ती पेन्सिल कापणाऱ्या ५९३ कामगारांची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तपासणी केली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस होता. महाराष्ट्रातही कोल्हापूरच्या ओतकाम कारखान्यांत साचे बनतात ते सिलिका वाळूचे, आणि सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात या वाळूच्या खाणी आहेत. मोटारीच्या वरच्या झिलईतच नव्हे, तिच्या ओतीव लोखंडातही ही वाळू आहे.

खर्च कोणाचा, नफा कोणाचा?

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याला 'बाह्य परिणाम' म्हणतात. पिगूने १९२० साली त्याची मांडणी केली: उत्पादकाचा खासगी खर्च आणि समाजाचा खर्च यांत तफावत पडली तर कर लावून ती भरून काढावी. कॅप या अर्थतज्ज्ञाने १९५० साली यापुढे जाऊन दाखवले, की खासगी उद्योगात खर्च दुसऱ्याच्या माथी मारणे हा अपवाद नसून नफा मिळवण्याची ती नित्याची पद्धत आहे. गारेच्या भुकटीचे उदाहरण कॅपच्या बाजूने साक्ष देते. इथे परिणाम 'बाह्य' आहे तो फक्त मालकाच्या हिशेबवहीला. मजुराच्या दृष्टीने तो शब्दशः आतला आहे, त्याच्या छातीतला.

भुकटीचा भाव स्वस्त का असतो? दगड मुबलक आहे हे खरे. पण बंदिस्त यंत्रे, धूळ ओढणारे पंखे, पाण्याचे फवारे, दरवर्षीची क्ष-किरण तपासणी, आजारपणातील वेतन आणि विधवेचे निवृत्तिवेतन यांतले काहीही त्या भावात धरलेले नसते, हेही तितकेच खरे. ते पैसे वाचत नाहीत, फक्त दुसरीकडे भरले जातात. मजुराचे कुटुंब ते सावकाराकडून काढून भरते, सरकारी दवाखाना क्षयाच्या गोळ्यांच्या रूपाने भरतो आणि शाळा सोडून मजुरीला जाणारा त्याचा मुलगा ते आपल्या भविष्यातून भरतो. स्वस्त भुकटी म्हणजे आदिवासींनी उद्योगाला दिलेले अनुदानच होय. अनुदानांच्या ओझ्याबद्दल गळा काढणाऱ्या मंडळींनी हे अनुदान कधी मोजलेले दिसत नाही.

मास्कचे तत्त्वज्ञान

या मांडणीला नेहमी तीन उत्तरे दिली जातात. पहिले असे की, मजुरांनी मास्क लावावा. ते लावत नाहीत, त्याला मालक काय करणार? औद्योगिक आरोग्यशास्त्राचा क्रम याच्या नेमका उलटा आहे. आधी घातक पदार्थ बदलावा, ते शक्य नसेल तर यंत्र बंदिस्त करावे, मग धूळ पाण्याने दाबावी किंवा ओढून घ्यावी, आणि हे सर्व करूनही काही उरले तर मास्क. उन्हाळ्यात पोती वाहणाऱ्या माणसाच्या तोंडावर फडके बांधून हा सगळा क्रम पुरा झाला असे समजणे म्हणजे मालकाची जबाबदारी मजुराच्या नाकावर बांधणे होय. शिवाय साध्या फडक्याला हा सूक्ष्म कण अडत नाही.

दुसरे उत्तर असे की, निर्बंध घातले तर धंदे बुडतील आणि हेच गरीब बेकार होतील. ब्रिटनने ओतीव वस्तू सिलिका वाळूच्या माऱ्याने साफ करण्यास १९४९ च्या नियमांनी बंदी घातली. म्हणून त्या देशातील ओतकाम बंद पडले नाही, तेथील कारखान्यांनी दुसरी द्रव्ये वापरली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी वापरला जाणारा सिलिकायुक्त कृत्रिम दगड बंद केला. तिथे ओटे बनणे थांबलेले नाही. मोटारीच्या पॉलिशमध्ये तर अॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे पर्याय आधीपासूनच वापरात आहेत. अर्थात पर्यायही आभाळातून पडत नाहीत. अॅल्युमिनियमचा बॉक्साइटही पुष्कळदा आदिवासींच्याच डोंगरांत असतो, आणि नियमगिरीच्या ग्रामसभांना २०१३ साली त्याविरुद्ध ठाम ठराव करावे लागले. एक खनिज बदलून न्याय मिळत नाही हे मान्य. पण ज्या रोगाला औषध नाही, त्याचे कारण दूर करता येत असताना ते न करणे, याचे समर्थन त्यातून निघत नाही. आणि रोजगाराविषयी बोलायचे, तर जो रोजगार थोड्या वर्षांत कमावता माणूसच संपवतो, त्याला रोजगार म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे.

कायदा आणि त्याच्या फटी

तिसरे उत्तर असे की, कायदा आहेच. तो आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा कळवलाच पाहिजे असा रोग ठरवला. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, हवेतील सिलिकेची मर्यादाही कायद्यात घातली. मात्र ती घालताना अमेरिकेचे जुने सूत्र उचलले गेले. शुद्ध गारेच्या धुळीला त्या सूत्राने जवळपास १०० मायक्रोग्रॅमची मुभा मिळते. अमेरिकेने आज स्वीकारलेल्या मर्यादेच्या ती दुप्पट आहे. आणि ही मुभाही मोजली तरच अर्थपूर्ण. मोजमाप करणारा निरीक्षक गिरणीत पोहोचतच नसेल तर सूत्र कोणते, याला फारसे महत्त्व उरत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीची २०२० ची संहिता आली. तिने विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील कामगारांची किमान संख्या दहावरून वीस केली. गारेची गिरणी चालवायला मोठा फौजफाटा लागत नाही, थोडी माणसे आणि एक ठेकेदार पुरतो. घातक कामांना ही संख्येची अट सैल करण्याचे अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवले आहेत खरे. परंतु अधिकार असणे आणि तो दुर्बलांच्या बाजूने वापरला जाणे यांतले अंतर या देशातील श्रमिकाला पुरेसे परिचित आहे.

शिवाय नुकसानभरपाईची पहिली पायरी म्हणजे पुरावा. आपण कोणाकडे, केव्हा, किती दिवस काम केले हे मजुराने दाखवायचे. हजेरीपट नाही, ओळखपत्र नाही, वेतनाची पावती नाही. ज्या व्यवस्थेने त्याला कागदावर येऊच दिले नाही, तीच पुढे त्याच्याकडे कागद मागते. त्याच्या नोकरीचा एकमेव न पुसता येणारा दाखला क्ष-किरणाच्या काचेवर उमटलेला असतो, आणि तो वाचायला डॉक्टर तयार नसतो.

काय केले पाहिजे?

मागण्या अवघड नाहीत. गार दळणारी प्रत्येक गिरणी, तिथे एक मजूर असो की शंभर, सुरक्षा-कायद्याच्या कक्षेत आणणारी अधिसूचना सरकारने काढावी. मर्यादा ५० मायक्रोग्रॅमवर आणावी आणि मोजमापाचे आकडे गिरणीच्या दारावर, मजुरांच्या भाषेत लावावेत. पुराव्याचा भार उलटा करावा: गारेच्या पट्ट्यातून आलेल्या सिलिकोसिसग्रस्ताने काही सिद्ध करायचे नाही, आपल्याकडे तो नव्हता हे मालकाने सिद्ध करावे. राजस्थानने २०१९ साली धुळीच्या रोगांसाठी स्वतंत्र धोरण आखून रुग्णाला प्रमाणपत्र, अर्थसाहाय्य आणि निवृत्तिवेतन देण्याची वाट घालून दिली. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश यांना तीच वाट चालायला कोणी अडवलेले नाही. स्थलांतरित मजुरासाठी राज्यांच्या सीमा आड येता कामा नयेत, कारण धूळ एका राज्यात खाल्ली जाते आणि मरण दुसऱ्या राज्यात येते. तिन्ही राज्यांनी मिळून नोंदवही ठेवली पाहिजे. आणि खनिज भुकटी वापरणाऱ्या प्रत्येक उत्पादकाने ती कोणत्या गिरणीतून घेतली, हे जाहीर करण्याचे बंधन असले पाहिजे. 'सिलिकोनविरहित' छापायला डब्यावर जागा आहे, तर यालाही ती सापडेल.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९९५ साली सिलिकोसिसच्या निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू केला आणि त्यासाठी २०३० हे वर्ष ठरवले. ते वर्ष आता दाराशी आले आहे. हा रोग निसर्गाचा कोप नाही, त्याला जंतू नाही, तो साथीने पसरत नाही. तो जिथे धुळीवर खर्च केला जात नाही तिथे होतो आणि जिथे तो खर्च केला जातो तिथे थांबतो. म्हणून पॉलिश सुरक्षित आहे काय, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर डब्यापाशी संपत नाही. ते गिरणीच्या दारापर्यंत जाऊन द्यावे लागते. आजचे उत्तर असे की, पुसणारा बव्हंशी सुरक्षित आहे, दळणारा नाही, आणि ही विभागणी माणसांनी केलेली असल्यामुळे ती माणसांनाच मोडता येईल.